द ओपन: गोल्फच्या सगळ्यात जुन्या स्पर्धेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत स्पोर्ट्स चॅनल लावला की चार दिवस हेच चालू असतं. झाड नाही झुडूप नाही असं उजाड मैदान, ऐन उन्हाळ्यात स्वेटर घातलेली माणसं, बाजूला समुद्र. मग घरातून, ग्रुपवर प्रश्न सुरू होतात की हे काय आहे, जिंकणाऱ्याला तो तांब्यासारखा जग का देतात, आपलं कोण खेळतंय का. परत परत तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथं लिहून ठेवलंय. क्रमानंच वाचायला पाहिजे असं काही नाही.

द ओपन आणि ब्रिटिश ओपन एकच का?

एकच. अधिकृत नाव द ओपन चॅम्पियनशिप, अमेरिकेत आणि आपल्या पेपरांत ब्रिटिश ओपन म्हणतात. पुरुषांच्या गोल्फमध्ये चार मेजर म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा असतात, एप्रिलमध्ये मास्टर्स, मेमध्ये पीजीए, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये ही. चारही मेजरमध्ये हीच सगळ्यात जुनी, १८६० पासूनची. यूएस ओपन १८९५ ला आली, पीजीए १९१६ ला आणि मास्टर्स, ज्याचं हिरवं जॅकेट सगळ्यांना माहीत असतं, ती तर १९३४ ची म्हणजे ओपनच्या मानाने कालची पोरगी.

मुळात ही स्पर्धा सुरू कशी झाली?

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला अ‍ॅलन रॉबर्टसन नावाचा माणूस होता, गोल्फचे बॉल बनवायचा आणि त्या काळात त्याच्याइतकं चांगलं कोणी खेळत नाही असं सगळेच मानायचे. तो १८५९ मध्ये वारला. मग प्रश्न आला की आता एक नंबर कोण? स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक नावाचं गाव आहे, तिथल्या क्लबच्या मेंबरांनी ठरवलं की बोलावूया सगळ्यांना आणि लावूया निकाल.

१७ ऑक्टोबर १८६०, बुधवार, आले किती तर आठ जण. कोर्स १२ होलचा, त्याच्या तीन फेऱ्या एकाच दिवसात म्हणजे एकूण ३६ होल. मसलबराचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला (गोल्फमध्ये फटके कमी तो पुढे) आणि ओल्ड टॉम मॉरिस १७६ वर दुसरा. गंमत बघा, तो कोर्स आखला होता ओल्ड टॉमनंच, रोजची देखभालही तोच करायचा, म्हणजे घरच्या अंगणात हरला बिचारा. (पुढे चार वेळा जिंकला, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका.)

हे आठ जण कोण होते हे लक्षात ठेवा कारण पुढची बरीच गोष्ट त्याच्यावर आहे. क्लबचे मेंबर म्हणजे जमीनदार, सरदार, पैसेवाले. आणि हे खेळणारे म्हणजे कॅडी (दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारे), बॉल आणि क्लब म्हणजे खेळायच्या काठ्या बनवणारे कारागीर, मैदान सांभाळणारे. पहिल्या वर्षी फक्त या प्रोफेशनल लोकांनाच खेळू दिलं, मग हौशी मंडळींची कुरकुर झाली असावी, कारण १८६१ ला जाहीर केलं की ही स्पर्धा सगळ्या जगाला खुली आहे. तिथून ती खऱ्या अर्थाने ओपन झाली.

पहिलं बक्षीस म्हणजे पट्टा होता हे खरं आहे का?

हो, लाल मोरोक्को चामड्याचा कमरपट्टा आणि त्याला चांदीचं नक्षीदार बक्कल. खर्च २५ पाउंड. रोख रक्कम शून्य. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा असते ना, तसा मान. फक्त हा पट्टा वर्षभर ठेवायचा आणि पुढच्या वर्षी परत आणून द्यायचा. अट एकच होती, जो सलग तीन वेळा जिंकेल त्याला तो कायमचा. नियम लिहिणाऱ्याला वाटलं असेल की असं कोण जिंकतंय! आणि मग आला ओल्ड टॉमचा मुलगा.

यंग टॉम मॉरिस एवढा मोठा का मानतात?

कारण तो खरंच होता. १८६८ ला १७ वर्षांचा असताना जिंकला, आजपर्यंत त्याच्यापेक्षा लहान वयात कोणी जिंकलेलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी १८६७ ला जिंकणारा कोण, तर त्याचा बाप, ४६ वर्षांचा, आणि तो आजही सगळ्यात वयस्कर विजेता आहे. म्हणजे ओपनचा सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात पोरसवदा चॅम्पियन एकाच घरातले, तेही लागोपाठच्या वर्षी. १८६९ ला मुलगा पहिला, बाप दुसरा. त्या घरात त्या रात्री जेवताना काय बोलणं झालं असेल याचा मला नेहमी प्रश्न पडतो.

१८७० ला तर त्याने कहरच केला. प्रेस्टविकचा पहिला होल ५७८ यार्डांचा होता. हिकरीच्या लाकडी दांड्याचे क्लब आणि गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा बॉल, त्याच्याने तो होल यंग टॉमने ३ फटक्यांत पूर्ण केला. आजच्या टायटॅनियम ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारणारा क्लब) सुद्धा ५७८ यार्ड ३ मध्ये झाला तर बातमी होते. ३६ होलचा त्याचा स्कोअर १४९. दहा वर्षांपूर्वी विली पार्क जिंकला तो १७४ वर, म्हणजे २५ फटके कमी! १२ फटक्यांनी जिंकला, सलग तिसऱ्यांदा, आणि पट्टा घेऊन घरी गेला.

आता बक्षीसच संपलं. म्हणून १८७१ ला स्पर्धाच झाली नाही, कारण द्यायला काही नव्हतं आणि कोणी द्यायचं हे ठरत नव्हतं. १८७२ ला परत सुरू झाली तर परत हाच जिंकला, सलग चौथी. असं दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही.

पुढची गोष्ट वाईट आहे. सप्टेंबर १८७५, बाप-लेक नॉर्थ बेरिकला विली पार्क आणि त्याचा भाऊ मंगो यांच्याविरुद्ध मॅच खेळत होते. मॅच संपत आली होती आणि तार आली की टॉमची बायको बाळंतपणात अडलीय, ताबडतोब या. मॅच संपवली, एका गृहस्थांनी आपली बोट दिली, खाडी ओलांडून निघाले, पण पोचेपर्यंत बायको आणि बाळ दोघंही गेलेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉम स्वतः गेला, वय २४. बाप १९०८ पर्यंत जगला. सेंट अँड्र्यूजला जुन्या पडक्या कॅथेड्रलच्या आवारात दोघांची थडगी आहेत, गोल्फवाले लोक तिथं आवर्जून जातात.

मग तो जग कुठून आला?

पट्टा गेल्यावर तीन क्लब एकत्र आले, प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट आणि एडिंबराचा ऑनरेबल कंपनी. प्रत्येकी १० पाउंड काढले, एकूण ३०, आणि पट्ट्याऐवजी चांदीचा जग करायचं ठरवलं. जुन्या काळी श्रीमंतांच्या घरी क्लॅरेट म्हणजे फ्रान्सची लाल वाइन ज्या जगातून वाढायचे तसल्या आकाराचा, म्हणून लोक क्लॅरेट जग म्हणतात. कागदोपत्री नाव गोल्फ चॅम्पियन ट्रॉफी आहे, जे कोणीच वापरत नाही. आणि हो, यावेळी शहाणे झाले होते, कायमचा द्यायची भानगडच ठेवली नाही.

१८७२ ला यंग टॉम जिंकला तेव्हा जग तयारच झाला नव्हता, त्याला मेडल देऊन पाठवलं. प्रत्यक्ष हातात पडला तो १८७३ च्या विजेत्याच्या, टॉम किडच्या. पण जगावर पहिलं नाव यंग टॉमचंच कोरलंय. १९२० च्या दशकात मूळ जग आर अँड ए म्हणजे त्याच रॉयल अँड एन्शंटच्या क्लबहाऊसमध्ये काचेत ठेवला आणि १९२८ पासून विजेत्याला हुबेहूब नक्कल देतात, ती वर्षभर घरी न्यायची आणि मग परत आणायची. त्यातून वाइन, बिअर, काय वाट्टेल ते पितात लोक. २०२२ ला कॅमेरॉन स्मिथ जिंकला तेव्हा हा ऑस्ट्रेलियन गडी सरळ म्हणाला की यात बिअर किती मावते ते आता बघतो.

जिंकणाऱ्याला पैसे किती मिळतात?

आता भरपूर. २०२५ ला एकूण १.७ कोटी डॉलर होते, त्यातले विजेत्याला ३१ लाख डॉलर. सुरुवातीला मात्र १८६३ ला पहिल्यांदा रोख बक्षीस ठेवलं ते १० पाउंड, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यात वाटलं, पहिल्याला फक्त पट्टा! १८६४ ला विजेत्याला ६ पाउंड मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ ला अमेरिकेचा सॅम स्नीड सेंट अँड्र्यूजला जिंकला, बक्षीस १५० पाउंड आणि येण्याजाण्याचा खर्च त्याच्यापेक्षा जास्त. पुढच्या वर्षी टायटल राखायलाही आला नाही. त्या काळात अमेरिकन लोक येईनासेच झाले होते, स्पर्धा थोडी मागे पडली होती. १९६० ला शंभर वर्षं झाली म्हणून आर्नल्ड पामर आला, एका फटक्यासाठी दुसरा आला, मग १९६१ आणि १९६२ दोन्ही जिंकला आणि त्याच्यामागे बाकीचे अमेरिकनही यायला लागले. ओपन आज आहे तशी आहे त्यात पामरचा हात फार मोठा आहे असं माझं मत.

प्रोफेशनल लोकांना क्लबहाऊसमध्ये घ्यायचे नाहीत, हे खरं का?

अगदी खरं. वर म्हटलं ना, खेळणारे वेगळे आणि मेंबर वेगळे. चॅम्पियन झाला तरी पुढच्या दाराने आत यायचं नाही, कपडे बदलायचे तर दुकानात नाहीतर शेडमध्ये. १९२० ला डील इथं ओपन होती, अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला होता, त्याला हे कळल्यावर तो वाद घालत बसला नाही, मोठी आलिशान गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतली, क्लबहाऊसच्या बरोबर दारात लावली आणि रोज तिच्यातच कपडे बदलायला लागला. खेळ त्याचा त्या आठवड्यात भंगार झाला, पण गाडीची आठवण राहिली.

१९२२ ला तो जिंकला, अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता. १९२३ ला ट्रूनला दुसरा आला आणि बक्षीस समारंभासाठी आत बोलावलं तेव्हा म्हणाला की आठवडाभर आम्हाला कोणाला आत घेतलं नाही, आता मी येत नाही, मी पबमध्ये चाललोय, ज्यांना यायचं ते चला. लोक गेले की त्याच्यामागे.

समुद्राकाठीच का खेळतात? आणि ते मैदान एवढं रुक्ष का दिसतं?

ओपन फक्त लिंक्स कोर्सवर होते. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधला जो वाळूचा पट्टा असतो, शेतीला निकामी, मेंढ्या चरायच्या, वाऱ्याने टेकाडं तयार झालेली, तिथं हा खेळ वाढला. झाडं नसतातच जवळपास. खाली वाळू असल्यामुळे पाऊस पडला तरी पाणी जिरतं आणि जमीन कडक राहते, त्यामुळे बॉल पडल्यावर थांबत नाही, पळतो. अमेरिकेत बॉल उंच मारून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, थपकन बसवायचा असतो, इथं वाऱ्यामुळे खालून मारावा लागतो आणि तीस-चाळीस यार्ड आधी टाकून घरंगळत न्यावा लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते नशिबावर चाललंय असं वाटतं. सॅम स्नीडने सुद्धा ट्रेनच्या खिडकीतून सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स पाहिला तेव्हा त्याला वाटलं होतं की कुठलंतरी जुनं टाकून दिलेलं मैदान दिसतंय.

बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, हा वेगळाच विषय. इथले बंकर लहान, खोल, विहिरीसारखे, आणि पुढची भिंत गवताच्या ढेकळांचे थर एकावर एक रचून उभी केलेली. कित्येकदा पुढे मारताच येत नाही, गपचूप मागच्या बाजूला नाहीतर आडवा बॉल काढायचा. १९७८ ला जपानचा टॉमी नाकाजिमा सेंट अँड्र्यूजच्या १७ व्या होलवर चांगला ग्रीनवर होता, पट म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका मारला तो घरंगळत बंकरमध्ये गेला, तिथून बाहेर काढताना चार फटके गेले आणि होलवर एकूण ९ झाले. उलट २००० साली टायगर वुड्स याच कोर्सवर चार दिवस खेळला, ११२ बंकर आहेत म्हणतात, एकाही बंकरमध्ये गेला नाही. १९ अंडर पार, म्हणजे कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा (पार) १९ कमी.

आणि वारा-पाऊस. सकाळी खेळणाऱ्याला शांत हवा आणि दुपारी खेळणाऱ्याला वादळ असं सर्रास होतं, त्यात अन्याय आहे का, तर आहे, पण त्याबद्दल कोणी रडत नाही. २००२ ला म्युअरफील्डला शनिवारी दुपारी असं हवामान आलं की टायगरचे एका फेरीत ८१ फटके झाले, टायगरचे! २०१५ ला तर वाऱ्याने ग्रीनवर ठेवलेले बॉल हलायला लागले, खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारपर्यंत गेली.

दरवर्षी एकाच ठिकाणी होते का?

नाही. पहिल्या १२ ओपन प्रेस्टविकला झाल्या, मग क्लॅरेट जगासाठी पैसे काढलेल्या क्लबांमध्ये आळीपाळीने, तिथून ही फिरती पद्धत पडली. १८९४ ला पहिल्यांदा स्कॉटलंडबाहेर इंग्लंडमध्ये गेली, सँडविचच्या रॉयल सेंट जॉर्जेसला. आता स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्युअरफील्ड, ट्रून, टर्नबेरी, इंग्लंडमध्ये सेंट जॉर्जेस, बर्कडेल, लिदम, हॉयलेक आणि उत्तर आयर्लंडमध्ये पोर्टरश. सगळ्यात जास्त म्हणजे ३० वेळा सेंट अँड्र्यूजला झालीय. प्रेस्टविकला शेवटची १९२५ ला, तेव्हा गर्दी इतकी झाली की आवरेना, कोर्स लहान पडला, परत कधी दिली नाही.

टर्नबेरी नावाला यादीत आहे पण २००९ नंतर तिथं झालेली नाही, २०१४ पासून ते डोनाल्ड ट्रम्प यांच्या मालकीचं आहे, बाकी तुम्ही समजून घ्या. म्युअरफील्डच्या क्लबने २०१६ मध्ये बायकांना मेंबर करून घ्यायच्या ठरावाला पुरेशी मतं दिली नाहीत, ओपन भरवणाऱ्या आर अँड ए ने त्याच दिवशी सांगितलं की मग इथं ओपन नाही, पुढच्या वर्षी परत मतदान झालं आणि ठराव पास! पण आर अँड ए ने तरी फार तोरा मिरवू नये, त्यांच्या स्वतःच्या क्लबमध्ये बायकांना २०१४ ला घेतलं.

पोर्टरशला १९५१ ला झाली आणि त्यानंतर थेट २०१९ ला, ६८ वर्षांनी. मधे तिथला राजकीय हिंसाचार, त्यामुळे कोणी विचारच केला नाही. २०१९ ला घरचा पोरगा रोरी मॅकिलरॉयने पहिल्याच होलवर बॉल हद्दीबाहेर मारला आणि ८ केले, सगळं गाव गपगार. मग आयर्लंडचाच शेन लाउरी सहा फटक्यांनी जिंकला आणि मग विचारू नका, गाणीच गाणी.

बघताना कुठल्या परंपरा लक्षात ठेवायच्या?

पहिल्या टीवर, म्हणजे होल जिथून सुरू होतो तिथं, नावं पुकारायची पद्धत. इतर बहुतेक मोठ्या स्पर्धांत पहिल्या दोन दिवशी अर्धे लोक पहिल्या होलवरून आणि अर्धे दहाव्यावरून सुरू करतात, ओपनमध्ये सगळे १५६ जण पहिल्याच टीवरून, सकाळी साडेसहाच्या सुमारास पहिला ग्रुप आणि दुपारी चारच्या पुढे शेवटचा. आयव्हर रॉबसन नावाचे गृहस्थ १९७५ ते २०१५ हे काम करायचे, बारीक उंच आवाजात देशाचं नाव आणि खेळाडूचं नाव, बास, जास्त एक शब्द नाही. दिवसभर जागा सोडायला लागू नये म्हणून खाणंपिणंही बंद ठेवायचे म्हणे, दहा तास उभे.

मग १८ व्या होलचे पिवळे स्कोअरबोर्ड. हाताने पाट्या बदलायचे. डिजिटल स्क्रीन आजूबाजूला भरपूर आल्या तरी हे बरीच वर्षं टिकून होते.

मला सगळ्यात भारी वाटतं ते नाव कोरणं. शेवटचा पट पडला की कोरणारा तिथंच बसून विजेत्याचं नाव जगावर कोरतो, आणि काही मिनिटांत विजेत्याच्या हातात जग येतो तेव्हा त्याचं नाव त्याच्यावर असतं. गॅरी हार्वी हे काम करायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील. एक अक्षर चुकलं तर काय, हा विचार करूनच घाम फुटतो. समारंभात विजेत्याला वर्षाचा चॅम्पियन गोल्फर म्हणून पुकारतात, नुसता विनर असं नाही म्हणत.

आणि सेंट अँड्र्यूजला असेल तर स्विल्कन ब्रिज. १८ व्या होलवर छोट्या ओढ्यावरचा दगडी पूल, चार पावलांत संपतो, पण म्हातारे चॅम्पियन शेवटची ओपन खेळतात तेव्हा त्याच्यावर थांबून हात हलवतात. पामर १९९५ ला, जॅक निकलस २००५ ला. निकलसने शेवटच्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारली, आणि त्या वर्षी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने त्याचं चित्र असलेली पाच पाउंडाची नोट काढली होती. जिवंत माणसाचा फोटो नोटेवर!

सगळ्यात जास्त वेळा कोण जिंकलंय?

हॅरी वार्डन, सहा वेळा, १८९६ ते १९१४ च्या दरम्यान. पाच वेळा जिंकणारे चौघे, जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड, ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन आणि अमेरिकेचा टॉम वॉटसन. टायगर तीन वेळा.

सगळ्यात मोठा ड्रामा कुठला?

याच्यावर भांडणं होतात. पण मी म्हणेन १९९९, कार्नूस्टी.

फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड, फार कोणाला माहीत नसलेला, शेवटच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांची आघाडी. होल पार ४ चा, ६ केले तरी चॅम्पियन. पहिला फटका ड्रायव्हरने मारला, उजवीकडे गेला पण वाचला. आता शहाणा माणूस छोटा फटका मारून पाण्याच्या अलीकडे थांबला असता. याने २ आयर्न म्हणजे लांब मारायचा लोखंडी क्लब काढला. बॉल स्टँडच्या लोखंडी रेलिंगवर आदळला, मागे उडून ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटला आणि परत उलटा येऊन गुडघाभर गवतात पडला. तिथून मारला तो त्याच ओढ्याच्या, बॅरी बर्नच्या पाण्यात. मग या माणसाने बूट काढले, मोजे काढले, पँट वर दुमडली आणि पाण्यात उतरला, कमरेवर हात ठेवून बॉलकडे बघत उभा, आणि बॉल हळूहळू खाली बसतोय. पाण्यातून मारावं की नाही यावर बराच वेळ गेला, शेवटी दंडाचा फटका घेऊन बाहेर ड्रॉप केला. पाचवा फटका बंकरमध्ये. बंकरमधून बाहेर, आणि मग एक जीवघेणा पट मात्र घातला, ७. बरोबरी झाली म्हणून प्लेऑफ, म्हणजे निकालासाठी जादा होल. तो जिंकला पॉल लॉरी, जो शेवटच्या दिवशी सुरुवातीला दहा फटके मागे होता.

लोक त्याला मूर्ख म्हणतात, मला नाही पटत. आघाडी तशा खेळण्यातूनच आली होती, आणि रेलिंगवर बॉल तसा उडेल हे कोणाला सांगता आलं असतं?

दुसरं, २००९ टर्नबेरी. टॉम वॉटसन, वय ५९, आदल्या वर्षी खुब्याचं हाड बदललेलं, शेवटच्या होलवर पार केला असता तर जिंकला असता. बॉल ग्रीनच्या मागे घरंगळला, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त), मग प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंकने हरवलं. प्रेसवाल्यांचे चेहरे पाडलेले बघून वॉटसनच त्यांना म्हणाला की अरे ही काय मयत नाही. त्याच मैदानावर १९७७ ला तो निकलसला एका फटक्याने हरवून जिंकला होता, ते दोघं इतके पुढे गेले होते की तिसरा माणूस वॉटसनच्या ११ फटके मागे.

आणि एक छोटी, ट्रूनचा आठवा होल फक्त १२३ यार्डांचा, ग्रीन एवढंसं की नावच पोस्टेज स्टँप. १९७३ ला ७१ वर्षांच्या जीन सॅराझेनने तिथं होल-इन-वन मारला, म्हणजे एकाच फटक्यात बॉल होलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी बॉल बंकरमध्ये गेला तर बंकरमधूनच होलमध्ये. दोन दिवसांत त्या होलवर पटर (पट मारायचा क्लब) बाहेरच काढला नाही.

खरंच कोणीही खेळू शकतं का?

तत्त्वतः हो, पात्रता फेरीतून. प्रोफेशनल असाल किंवा हौशी असाल तर हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) तितका चांगला पाहिजे. १९७६ ला मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट नावाच्या क्रेन चालवणाऱ्या माणसाने अर्जात प्रोफेशनल म्हणून टिक केलं, कारण हौशी लिहिलं तर हँडिकॅप दाखवावा लागला असता, आणि तो तर त्याआधी कधी नीट १८ होल खेळलाच नव्हता. पात्रता फेरीत १२१ झाले. आयोजकांचा असा तिळपापड झाला की त्याला कायमचा बंद केला, मग तो खोट्या मिशा लावून वेगळ्या नावांनी येत राहिला. असा माणूस माझा हिरो आहे, काय करणार.

दोन दिवसांनंतर पहिले ७० आणि बरोबरीचे राहतात, बाकीचे घरी. बरोबरी झाली तर पूर्वी ३६ होलचा प्लेऑफ असायचा, आता तीन होलचा.

आपलं कोण खेळलंय?

सगळ्यात चांगला निकाल शुभंकर शर्माचा, २०२३ ला हॉयलेकला संयुक्त आठवा. त्याआधी ज्योती रंधावाचा २००४ चा संयुक्त २७ वा नंबर होता, म्हणजे उडी केवढी बघा. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरीही खेळलाय, पण त्याचा मेजरमधला बेस्ट निकाल २०१५ च्या पीजीएचा, संयुक्त पाचवा.

पीटर थॉमसनचं नाव वर आलं, तो आपल्याकडे इंडियन ओपन सुरू करण्यामागे होता आणि १९६४ ची पहिली इंडियन ओपन तोच जिंकला. आणि एक नाव कोणी सांगत नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या घरातला पापवा सेवगोलम. कॅडी होता, क्लब उलट्या हाताने धरायचा, १९६३ च्या ओपनला १३ वा आला. त्याच वर्षी डर्बनला नाताल ओपन जिंकला तेव्हा वर्णभेदाचे कायदे, क्लबहाऊसमध्ये प्रवेश नाही, म्हणून त्याला ट्रॉफी बाहेर भर पावसात दिली. हेगनचं गाडीचं प्रकरण वाचून हसू येतं, हे वाचून येत नाही.

बाय द वे, मुंबईत गोल्फ क्लब १८४२ ला निघाला होता आणि प्रेस्टविकचा क्लब १८५१ चा. कलकत्त्याचा तर १८२९ चा.

बायकांची ओपन असते का?

असते, वेगळी, १९७६ पासून, आणि २००१ पासून मेजर. ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा २००७ ला झाली, मेक्सिकोची लोरेना ओचोआ जिंकली. आपल्या अदिती अशोक आणि दीक्षा डागर खेळतात तेव्हा जरूर बघा.

कधी रद्द झाली का?

१८७१ (पट्टा), दोन्ही महायुद्धांची वर्षं आणि २०२० (कोविड).

ओल्ड कोर्सवर आपण खेळू शकतो का?

हो! कोर्स सार्वजनिक आहे, क्लबच्या मालकीचा नाही. आगाऊ बुकिंग किंवा चिठ्ठ्या टाकतात तशी सोडत. रविवारी मात्र खेळ बंद, त्या दिवशी गावातले लोक कुत्री घेऊन, पोरं घेऊन तिथं फिरायला येतात, तुम्हीही १८ व्या फेअरवेवरून चालत जाऊ शकता, स्विल्कन ब्रिजवर फोटो काढायची रांग असते. सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, लूकर्सला उतरून बस किंवा टॅक्सी.

भारतात किती वाजता बघायची? पुढची कुठे आहे?

तिथला उन्हाळा म्हणजे आपण साडेचार तास पुढे. पहिला ग्रुप आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास सुटतो, रविवारी पुढचे लोक संध्याकाळी सातच्या आसपास निघतात आणि निकाल साधारण रात्री अकराला, म्हणजे जेवण करून आरामात बघता येते. रविवारी निदान शेवटचे चार होल चुकवू नका. २०२५ ला पोर्टरशला स्कॉटी शेफलर जिंकला, २०२६ ची रॉयल बर्कडेलला १६ ते १९ जुलै, आणि २०२७ ला परत सेंट अँड्र्यूज.